जे बंद असतं ते टोक

६ जाने., मंगळ.
साताऱ्याहून सकाळी सातची एसटी, कराडला बदलून विटा. पठारावर चढलो तर दाट धुकं, आणि धुक्यात पवनचक्क्या. खांब दिसत नव्हते, नुसती पाती हळूहळू वर येत होती, जात होती. त्यांच्याकडे बघत बसले आणि काम होतं त्या वाडीचा थांबा मागे गेला. दीड किलोमीटर पॅनेलची पेटी नि हत्यारांची पिशवी घेऊन मागे चालत आले. आई म्हणते ते खरं, मी जन्मलेच तंद्रीत.

आक्कांचं उबवणी केंद्र शेताच्या कडेला. पत्र्याची शेड, आत खोलीएवढं एक लाकडी कपाट, त्यात अंड्यांचे ट्रे. विकायची पिल्लं इथे काढत नाहीत. आजूबाजूच्या बायका आपापल्या गावरान कोंबड्यांची अंडी आणून देतात, प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं नाव. एकवीस दिवसांनी आपापली पिल्लं घेऊन जातात. चाळीसेक घरं तरी असतील. "खुडूक कोंबडी वरसात कितींदा बसनार? म्हनून ही लाकडाची खुडूक," आक्का म्हणाल्या. वय सत्तरच्या पुढे, आवाज तहसीलदाराचा.

माझं काम: जुना काट्याचा तापमापक काढायचा, पॅनेलवर नवा डिजिटल बसवायचा. त्याला दोन अलार्म रिले, एक जास्त गरम झालं तर, एक गार पडलं तर.

७ जाने., बुध.
दिवसभर पत्रा कापणं. भोक ९२ बाय ९२ मिलिमीटर, ना एक कमी ना एक जास्त. कोपरे कानशीनं. हाताला फोड.

मदतीला शंकरआण्णा. अकरा वर्षं हे यंत्र तेच बघतात. त्याआधी विट्यात यंत्रमागावर होते, म्हणून कान जरा मंद, आपणच मोठ्यानं बोलायचं. वायरींची थोडीफार जाण तिथलीच. अंडी यंत्रात असली की आण्णा घरी जात नाहीत. घर समोरच, शेत ओलांडलं की, तरी नाही. काकू, त्यांची बायको, भाकरी फडक्यात बांधून आणतात आणि आण्णा पंख्याच्या घरघरीत उभ्याउभ्या खातात. अकरा वर्षं.

जुन्या काट्यावर त्यांचा विश्वास नाही. "त्यो काटा लबाड हाय. आमी असं बघतो." ट्रेमधून एक अंडं उचलून मिटलेल्या पापणीवर टेकवलं. रिकाम्या यंत्रात नमुन्याला चार ठेवलेली होती त्यातलं. मी पण टेकवलं. कोमट, गुळगुळीत. डोळा उघडूच नये असं वाटलं.

८ जाने., गुरु.
वायरिंग पूर्ण. सेन्सरची तार हीटरच्या तारांपासून लांब, वेगळ्या पाइपातून नेली. जवळून नेली की आकडे थरथरतात. तारांच्या टोकांत ओळखीला नंबरच्या बांगड्या ओवल्या. वीज दिली. तांबडे आकडे उजळले, २४ वरून चढत चढत ३७.५ वर येऊन थांबले. किती वेळ बघत होते कोण जाणे. चहा थंड झाला.

आण्णांना रिले समजावला. "आण्णा, हा हात वर करून उभा असतो. सगळं ठीक आहे तोवर हात वर. गरम झालं, गार झालं, वीज गेली, काहीही बिघडलं, की हात खाली पडतो आणि भोंगा वाजतो."
"म्हंजी मेला तरी बोंबलतोय?"
"मेला तरी."
आण्णा हसले. दात दोनच पुढचे.

भोंगा आण्णांच्या घरात लावायचा, त्याची बॅटरी वेगळी. माझी हौस. म्हटलं, आता दुपारी घरी जाऊन पाटावर बसून जेवा. यंत्र तुम्हाला हाक मारेल. आण्णा म्हणाले, "बघू." आक्का म्हणाल्या, "इस्वास? त्यो गेला पानपतात." पण कबूल झाल्या.

९ जाने., शुक्र.
शेत ओलांडायला लागणारी लांब वायर विट्यात मिळाली नाही. सोमवारी येईल. आण्णा म्हणाले, मी वडतो, मी जोडतो, तुमी फोनवर सांगा. पुढच्या आठवड्यात माझं लोणंदचं काम आहे. बरं म्हटलं. साताऱ्यात संध्याकाळी पोचले. डोळे मिटले की तांबडं ३७.५.

११ जाने., रवि.
आज अंडी बसवली, आक्कांचा फोन. नारळ फोडला, पहिला ट्रे पारूबाईचा. ती गावातली सगळ्यात म्हातारी, म्हणून नेहमी तिचा पहिला. कोंबडी एकच, अंडी नऊ. फोनमध्ये पंख्याची घरघर येत होती. आईला म्हटलं ऐक. आईनं ऐकलं आणि म्हणाली, दळण आण.

१२ जाने., सोम.
लोणंदच्या एसटीत. रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या शिंगांना बेगड. उन्हानं गुंगी आलेली. आण्णांचा फोन.
"ताई, वायर वडली. आता ह्यो रिले. सात, आठ, नऊ अशी तीन टोकं."
म्हटलं, "सात मधलं, ते घ्याच. आठ-नवात मेन काढल्यावर जे बंद असतं ते टोक. त्याला भोंगा. दोन्ही रिलेंना तसंच."
"जे बंद असतंय ते. बरं."

वीस मिनिटांनी परत फोन. भोंगा थांबतच नाही. मागे खरंच कर्णा, काकूंचा ओरडा, कुत्रं. मी अर्धवट जागी. म्हटलं, नव्या तापमापकात रिलेची रीत कारखान्यातूनच उलटी आली असेल. बटण कसं दाबायचं, कुठल्या अक्षरावर जायचं, उलटं कसं करायचं ते सांगितलं. आण्णांनी केलं. भोंगा गप्प.
"आता सेन्सर कोमट पाण्यात बुडवा."
वाजला. बाहेर काढून हवेत धरला, गार झाला, परत वाजला. दोघंही खूश. बैलांची शिंगं लखलखत होती. जरा डुलकी.

१४ जाने., बुध.
संक्रांत. आण्णांचा फोन, ओरडूनच बोलतात. "ताई, आज घरी जेवलो! पाटावर. भाकरी गरम, तव्यावरची. ती म्हनली, अकरा वरसांनी मानूस जेवाय आलं." काकूंनी तिळगूळ कागदात बांधून ठेवलाय म्हणे माझ्यासाठी. फोन ठेवल्यावर मी उगाच हसत बसले. चुलीवरची भाकरी डोळ्यांसमोर दिसत होती.

१८ जाने., रवि.
सातव्या दिवशी दिव्यासमोर धरून बघितली म्हणे. रिकामी निघाली ती बाजूला काढली. बाकी "झकास", आण्णांचा शब्द. रोज घरी जेवतात. काल दहा मिनिटं आडवे झाले. दहा मिनिटं.

२३ जाने., शुक्र.
सं. पाच. आक्कांचा फोन. आवाज तहसीलदाराचा नव्हता.

पॅनेलचा खटका पडला. कशानं माहीत नाही. पंखा बंद, हीटर बंद, यंत्राचे आकडेही गेले. आण्णा बाराला घरी जेवायला गेले, जेवून आडवे झाले, डोळा लागला. भोंगा वाजला नाही. चारला उठून येऊन बघतात तर सगळं अंधारगुडूप. खटका वर केला तेव्हा आकडा २९.

अंड्यांचा तेरावा दिवस. आत पिल्लाला चोच आलेली असते, पिसांची सुरुवात. चार तास.

भोंगा का वाजला नाही? मेला तरी बोंबलतो म्हणाले होते मी. उद्या पहिली गाडी.

२४ जाने., शनि.
पोचले. आण्णा यंत्रापाशी उभे, माझ्याकडे बघितलं नाही. आक्का बाजेवर. आक्का त्यांनाच बोलत होत्या, मी यायच्या आधीपासून बोलत असणार. "अकरा वरसात एक दिस डोळा लागला न्हाई आन् आता लागला? बायास्नी काय सांगू? आण्णा, तुमच्या हातात दिलं म्या." आण्णा म्हणाले, "चुकलं." एवढंच.

पॅनेल उघडलं. भोंग्याची तार नऊ नंबरवर. आठवर पाहिजे होती.

आण्णांना बाजूला घेऊन विचारलं. हळूच, म्हणजे मोठ्यानंच, कान मंद.
"आण्णा, ही नवाला का?"
"आवं ताई, तुमीच म्हनला न्हवं, मेन काढल्यावर जे बंद असतंय ते. मी मेन काढला. बॅटरीवर दिवा लावून बघितला. आठावर दिवा लागला, नवावर न्हाई लागला. मग बंद कंचं? नऊच की."

नऊच की.

आमच्या धंद्यात टोकं जुळलेली असली की त्याला बंद म्हणतात. बंद म्हणजे दोन तारा भेटलेल्या, करंट वाहतो. पॉलिटेक्निकला सांगलीत सर तसंच मराठीत शिकवायचे, उघडा कॉन्टॅक्ट, बंद कॉन्टॅक्ट, आणि मी वीस वर्षं तसंच म्हणत आले. सगळं जग मात्र बंद म्हणजे बंद म्हणतं. दिवा बंद, पंखा बंद, दुकान बंद. आण्णांनी मराठी ऐकलं आणि बरोबर केलं.

मग भोंगा थांबेना तेव्हा मी काय केलं, तर रिलेची रीत उलटी करायला सांगितली. म्हणजे हात नेहमी खाली, बिघडलं तरच वर. आता वीजच गेली तर हात वर करायला ताकद कुठली? गरम-गारची चाचणी वाजली म्हणून मी खूश. वीज तोडून बघा म्हणाले नाही. ते एक वाक्य होतं. बैलांची शिंगं बघत होते.

आणि हे सगळं आज आक्कांना सांगितलं नाही. आक्का आण्णांना बोलत होत्या आणि मी पेचकस धरून गप्प. आण्णांनीही फोनचं काढलं नाही. का नाही काढलं? काढायला हवं होतं, मग मला बोलावंच लागलं असतं. स्वतःचीच लाज वाटते.

तार आठवर घेतली, दुसऱ्या रिलेचीही तशीच, रीत पुन्हा सुलटी केली. दहा मिनिटांचं काम. खटका मुद्दाम पाडला. शेतापलीकडे भोंगा वाजला आणि काकू पदर सावरत धावत आल्या.

खटकाही नवा बसवला. इथेच राहते आहे, आतल्या खोलीत.

२५ जाने., रवि.
सकाळी आक्कांनी दिव्याच्या डब्यासमोर अंडी धरली. एकेक. मी ट्रे देत होते. पहिल्यात काळी सावली, आणि सावली हलली. दुसऱ्यात हलली. तिसऱ्यात नाही. चौथ्यात आक्का बराच वेळ थांबल्या, मग बाजूला न काढता तसंच परत ठेवलं. "झोपलं आसंल," म्हणाल्या. अशी झोपलेली बरीच.

खुडूक कोंबडीसुद्धा दाणापाण्याला उठते, तोवर अंडी गार पडतातच, आक्का म्हणाल्या. पण ती अर्ध्या तासात परत येऊन बसते.

पारूबाई आली होती. विचारायला नाही, दूध द्यायला. आण्णांकडे बघून म्हणाली, "निजला व्हतास म्हनं?" गावात कळलंय. आण्णा हसल्यासारखं करून पाणी आणायला गेले.

ती गेल्यावर आक्कांना सगळं सांगितलं. आठ, नऊ, बंद, एसटी, उलटी रीत. आक्कांना टोकांचं काही कळलं नसेल. पण ऐकून घेतलं सगळं, हातातलं अंडं खाली न ठेवता.
"मग काल गप का व्हतीस?"
"भ्याले."
"हं."
मग अंडं ट्रेत ठेवत, "आमच्यात बंद म्हंजी बंद असतंय, पोरी."
"हो आक्का."
"मला सांगून काय उपेग? ज्यांची अंडी हायत त्यास्नी सांग. पिल्लं न्यायला येतील तवा."
आण्णांना हाक मारली आणि म्हणाल्या, "मी बोलले ते मागं घेतलं." आण्णांना ऐकू गेलं की नाही कळेना. परत म्हणाल्या, मोठ्यानं. पुऱ्या शिवारानं ऐकलं असेल.

२७ जाने., मंगळ.
इथे दिवस असा जातो की कुठून कुठे गेला कळत नाही. यंत्राच्या खोलीत ऊब, घरघर, तांबडे आकडे, दर तासाला दांडा ओढला की सगळे ट्रे एकदम कलतात, आधी या कुशीला, मग त्या. जणू आतली सगळी एकदम कूस बदलतात. मी भिंतीला टेकून बसते. कधी झोप, कधी जाग, मधलं कळत नाही. स्वप्नात माझी आई ट्रे घेऊन उभी आणि प्रत्येक अंड्यावर माझं नाव.

आण्णा जेवायला घरी जात नाहीत. परत फडक्यातली भाकरी. म्हटलं, "आण्णा, आता बरोबर जोडलंय. तीनदा खटका पाडून बघितला. तुमच्यासमोर."
"बरं हाय की."
"मग जा ना."
"जाईन."
गेले नाहीत. मला राग आला. कुणाचा ते कळेना. काकू आल्या, भाकरी दिली, मलाही दिली. तिळगुळाची पुडी पण. लाडू दगड झालेले, तरी खाल्ले.

२९ जाने., गुरु.
दिवस वाटेल तसे मोजायला लागलो होतो, आक्कांनी दटावलं. आज एकोणिसावा लागला. अंडी खालच्या कप्प्यात, आता कलवायची नाहीत. ट्रेवर जाळी, ट्रेला चिठ्ठी. कप्प्याचं दार लावलं. आता उघडायचं नाही, बघायचं नाही. काचेतून धूसर दिसतं.

आईचा फोन, घरी कधी? म्हटलं, रविवारनंतर. काय करतेस तिथे? म्हटलं, काही नाही, बसलेय. आई म्हणाली, तेच तर तुला येतं.

३१ जाने., शनि.
काल संध्याकाळपर्यंत एखाददुसऱ्याला तरी टोच दिसायला हवी होती, आण्णा म्हणाले. नाही दिसली. आज दुपारी एका ट्रेत कवचावर चांदणीसारखी चीर. कोणाचा ट्रे ते काचेतून वाचता येईना. आण्णा, आक्का, मी, तिघंही काचेला नाक लावून. काकू मागे. पंख्याच्या आवाजात कान लावला तर अगदी बारीक, आत, टक. परत टक. मला ऐकू आलं. आण्णा म्हणाले, "मला न्हाई येत." मग त्यांनी तळहात काचेवर ठेवला आणि ठेवूनच बसले.

गारठली की उशीर होतो म्हणतात. अर्धा दिवस, कधी पुरा दिवस. कधी होतच नाही.

उद्या सांगायचं ते मनात लिहिते आहे. "तुमची अंडी चार तास गार पडली. आण्णा झोपले म्हणून नाही. मी भोंगा चुकीचा जोडायला सांगितला म्हणून." बंद हा शब्दच नको. एवढं छोटं वाक्य आणि दहादा खोडलं.

१ फेब्रु., रवि.
स. आठ. चिवचिव आहे. पातळ आहे, पण आहे. आक्कांनी दार थोडं उघडलं. तीन ट्रेंत चांगली निघालीत, ओली, चिकटलेली, एकमेकांवर पडणारी. दोन-तीन ट्रेंत अर्धी. काही ट्रेंत नुसत्या चिरा. काहींत काहीच नाही, अंडी जशीच्या तशी, पेन्सिलीचं नाव वरच्या बाजूला. एक उचलून कानाला लावलं. काही नाही. दुसरं लावलं. वाटलं, टक झालं. माझ्याच कानात झालं असेल.

आक्का म्हणतात संध्याकाळपर्यंत वाट बघायची. बायकांना दहाची वेळ दिली होती, त्यांना कोण थांबवणार. साडेआठलाच अंगणात बोलणं, टोपल्या, कुणाचं तरी पोर रडतंय.

आण्णा म्हणाले, "ताई, तुमी आत बसा. मी सांगतो. मला सवं हाय बोलनी खायाची."
नको म्हटलं.
"मग मी संगट हुबा ऱ्हातो."
बरं म्हटलं. डोळे भरून आले. आण्णांनी बघितलं आणि ट्रेवरच्या जाळ्या उगाच सरळ करायला लागले.

दारावर थाप. "आक्का, निघाली का गं माझी?"
आवाज पारूबाईचा. तिचा ट्रे माझ्यासमोर आहे. नऊतलं एक सातव्या दिवशी गेलं, उरलेली आठ. तीन निघालीत. एकाला चीर आहे. चार गप्प आहेत.
वही इथेच ठेवते. आण्णा दाराशी गेलेत, कडीला हात लावून माझी वाट बघत उभे आहेत.